मॉडेल इंजिन कॉम्प्रेशन धरत नाही: नव्या रिंगा करायला घेण्याआधी काय काय तपासावं

घरच्या छोट्या लेथवर इंजिनं करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: सगळं जुळलंय, स्पार्क येतोय, पेट्रोल येतंय, पण कॉम्प्रेशन नाही. आणि तक्रार सांगणाऱ्याने निदानही करून ठेवलेलं असतं, 'रिंगा बाद', म्हणजे पिस्टनभोवती बसून वायू अडवणाऱ्या कड्या गेल्या. मग तो दोन संध्याकाळी घालवून नव्या रिंगा करतो, आणि इंजिन होतं तसंच राहतं. हा दोष मी इतक्या इंजिनांत काढलाय की आता तपासण्याचा एक ठरलेला क्रम झालाय. फुकटात होणारं आधी, हेड उघडावं लागतं ते नंतर, लेथ सुरू करावं लागतं ते सगळ्यात शेवटी.

आकडे एका ठरावीक इंजिनाला धरून देतोय, नाहीतर बोलणं हवेत राहतं. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, पेट्रोलवर. बोअर (सिलिंडरचं भोक) २४ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) २४, म्हणजे जेमतेम ११ सीसी. बिडाचा लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी), अॅल्युमिनियमचा पिस्टन, बिडाच्या दोन रिंगा. तुमचा बोअर १८ किंवा ३० असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त धरा. बोअर १२ मिमीपेक्षा लहान असेल तर मात्र पुढचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. तिथे सहसा रिंगा घालतच नाहीत, पिस्टन थेट बोअरला लॅप करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून, बसवतात.

लक्षणं

फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनवर आणला की चांगलं इंजिन हाताला उलटा झटका देतं. दोष असलेलं इंजिन फुस्स करून सहज पार होतं.

ड्रिल लावून फिरवलं की चालू होतं, ड्रिल काढलं की चारदोन ठोके देऊन मरतं. वेगात गळायला वेळ मिळत नाही, म्हणून तिथे चालल्यासारखं वाटतं.

थंड असताना बरं चालतं, गरम झालं की ताकद जाते.

याच्या उलट प्रकारही असतो: थंड असताना उत्तम, गरम झाल्यावर फ्लायव्हील जड जड होत जातं आणि चिरकल्यासारखा आवाज येऊन इंजिन थांबतं. हे कॉम्प्रेशन गळण्याचं लक्षण नाही. हे अडकण्याचं लक्षण आहे. असं झालं तर जोर लावून फिरवू नका, गार होऊ द्या आणि थेट रिंगच्या गॅपच्या (तिच्या दोन टोकांमधल्या फटीच्या) तपासणीकडे या.

ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस आणि तेलाचा फवारा, एक्झॉस्टला निळा धूर, पिस्टन काढल्यावर त्याच्या अंगावर वरून खाली गेलेले काळे पट्टे. ही तीन एकत्र दिसली तर गळती रिंगांवरूनच आहे. पण यातलं एकच दिसत असेल तर ठाम काही म्हणता येत नाही. निळा धूर व्हॉल्व्ह गाइडमधूनही (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीतूनही) येतो.

आधी फुकटातलं

प्लग कसलेला आहे का आणि त्याखालचा तांब्याचा वॉशर जागेवर आहे का, इथून सुरुवात करा. हसू नका. तोच वॉशर पुन्हा पुन्हा वापरून कडक झालेला असतो. गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतो, पुन्हा वापरता येतो.

टॅपेट बघा. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हच्या दांडीवर ०.१ मिमीची फट हवी. फट शून्य असेल तर गरम झाल्यावर दांडी लांबते आणि व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही. 'थंड चालतं, गरम मरतं' हे लक्षण घेऊन येणाऱ्या इंजिनांत बहुतेक वेळा हेच निघतं, आणि पाना फिरवून दोन मिनिटांत सुटतं.

मग तेलाची चाचणी. प्लग काढा, आत दोन थेंब इंजिन ऑइल सोडा, फ्लायव्हील चारपाच वेळा फिरवा, प्लग लावून पुन्हा कॉम्प्रेशन बघा. लक्षणीय वाढलं तर गळती रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

इथे दोनच थेंब का, ते समजून घ्या. गाडीच्या इंजिनात मेकॅनिक चमचाभर तेल ओततो म्हणून आपणही पिचकारी मारतो, आणि इथेच निदान चुकतं. ११ सीसीच्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो ६ धरला तर वरच्या टोकाला उरणारी जागा फक्त २.२ सीसी असते. तेलाचा एक थेंब साधारण ०.०५ सीसी. दहा थेंब घातले की अर्धा सीसी जागा तेलानेच भरली, रेशो सात-साडेसातवर गेला, आणि फ्लायव्हील झटका द्यायला लागलं. रिंगांचा इथे काहीच संबंध नाही. जास्तच तेल पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचीही भीती असते, कारण तेल दबत नाही.

हवा कुठे जाते ते ऐका

वीस-तीस रुपयांचं सामान लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या लिखाणातली ही सगळ्यात उपयोगाची चाचणी आहे. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून टाका आणि उरलेल्या बॉडीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पितळेने झाळून (ब्रेझ करून) बसवा. हा अडॅप्टर प्लगच्या जागी लावा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करा, आणि फ्लायव्हील लाकडी ठोकळा लावून अडकवा. अडकवणं टाळू नका. २ बार दाबाला या पिस्टनवर नऊ किलोच्या आसपास जोर येतो, आणि पिस्टन टोकापासून जरा जरी हललेला असेल तर फ्लायव्हील बोटावर येतं.

आता पंप मारा, २ बारच्या वर नाही, आणि रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं एकेका तोंडाशी धरा. एक्झॉस्टच्या तोंडाशी सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आलं तर इनलेट. हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, फेस आला तर गॅस्केट. ब्रीदरशी आलं तर रिंगा.

रिंगांवरून थोडी हवा नेहमीच जाते, कारण रिंगला गॅप असतोच. ब्रीदरशी मंद, एकसारखी सूं असेल आणि दाब हळूहळू उतरत असेल तर ते ठीक आहे. पंपाचा दांडा सोडायच्या आत दाब गेलेला असेल तर ठीक नाही.

व्हॉल्व्ह निघाले तर त्यावर एवढंच सांगतो: पेस्ट घासत बसू नका. सीट गाइडशी एककेंद्री नसेल तर पेस्टने ती फक्त रुंद होते, आणि रुंद सीट एवढ्याशा स्प्रिंगने कधीच नीट बंद होत नाही. ८-९ मिमीच्या व्हॉल्व्हला पाव ते अर्धा मिमी रुंदीची सीट पुरते. ती गाइडमध्ये पायलट घालून कटरने पुन्हा काढा, मग पेस्टचा हलका हात.

हेड उघडलं, पिस्टन बाहेर आला

रिंगा काढण्याआधी वरची कोणती, तिची वरची बाजू कोणती, याची खूण करा. मग त्या पुसायच्या आधी बघा. दहा-पंधरा मिनिटं चाललेली रिंग स्वतःच सगळं सांगते. बाहेरच्या कडेवर जिथे ती बोअरला टेकली तिथे चकचकीत राखाडी पट्टा असतो, जिथे टेकली नाही तिथे लेथच्या टूलचे मूळचे बारीक वळसे तसेच मळकट दिसतात. भिंगातून सबंध परीघ फिरवून बघा. सगळीकडे पट्टा असेल तर रिंग गोल आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. गॅपच्या दोन्ही टोकांना चकचकीत आणि त्यांच्या जरा मागे मळकट असेल तर रिंगचा आकारच चुकलाय, तो घासून सुटणार नाही. पट्टा फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या काठाला असेल तर ग्रूव्ह (पिस्टनवरची रिंग बसायची खाच) कललेला आहे.

यानंतर उजेडाची चाचणी. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या सपाट माथ्याने ढकलून सरळ बसवा, खाली मोबाइलचा टॉर्च ठेवा, रिंगचा आतला भाग जाड काळ्या कागदाच्या चकतीने झाका, खोलीत अंधार करा. गॅपमधून उजेडाची एक रेघ दिसायलाच हवी. बाकी कुठूनही केसाएवढी चमक दिसली तर तिथे गळती आहे.

गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. या बोअरला ०.०५ ते ०.१० मिमी, मी ०.०८ धरतो. चालू इंजिनात रिंग लायनरपेक्षा जास्त तापते. ती ५० अंशांनी जास्त तापली असं धरलं तर ७५ मिमीच्या परिघावर बीड सुमारे ०.०४ मिमी जास्त वाढतं. गॅप ०.०२ ठेवला असेल तर टोकं एकमेकांवर आपटतात, रिंग बोअरमध्ये आवळते, आणि वर सांगितलेलं 'गरम झालं की जड' हे लक्षण येतं. दुसऱ्या बाजूला, गॅप ०.१५ झाला म्हणून कॉम्प्रेशन नाहीसं होत नाही. गॅपमधून होणारी गळती लोकांना वाटते त्यापेक्षा फार कमी असते. दोन्ही रिंगांचे गॅप समोरासमोरच्या दिशांना ठेवा, पण त्यावर फार जीव टाकू नका. फोर स्ट्रोकमध्ये रिंगा चालताना फिरतात. टू स्ट्रोकची गोष्ट वेगळी, तिथे गॅप पोर्टमध्ये अडकू नये म्हणून पिन असते आणि ती हवीच.

हाच गॅप बोअरही मोजून देतो, आणि यासाठी महागडं बोअर गेज लागत नाही. तीच रिंग बोअरच्या वर, मध्ये आणि खाली सरळ बसवून तीन ठिकाणी गॅप मोजा. गॅपमधल्या फरकाला ३.१४ ने भागा, तेवढा व्यासातला फरक. वर ०.०८ आणि खाली ०.१४ आला तर बोअर खाली जवळजवळ ०.०२ मिमीने मोठा आहे. एवढा उतार चालणार नाही, ०.०१ च्या आत हवा. बारीक बोअरिंग बार लांब बाहेर काढून कट घेतला की तो दबतो आणि नेमका असाच उतार येतो.

ग्रूव्ह: इथे कोणी बघत नाही

रिंगची स्प्रिंग कमी पडते म्हणून कॉम्प्रेशन जातं, ही समजूत काढून टाकायला हवी. स्प्रिंग रिंगला बोअरशी फक्त टेकवून ठेवते. खरा दाब वायूचा. कॉम्प्रेशनचा वायू रिंगच्या वरच्या फटीतून ग्रूव्हमध्ये शिरतो, रिंगच्या मागे जातो, आणि रिंगला बाहेर बोअरवर आणि खाली ग्रूव्हच्या खालच्या भिंतीवर दाबतो. म्हणजे वायू अडतो दोन जागी: रिंगची बाहेरची कड बोअरला जिथे टेकते तिथे, आणि रिंगची खालची बाजू ग्रूव्हच्या खालच्या भिंतीला जिथे टेकते तिथे. यातली दुसरी जागा खडबडीत असेल तर बाहेरून रिंग कितीही गोल असली तरी वायू तिच्या मागून वळसा घालून खाली जातो. जास्त स्प्रिंगवाल्या जाड रिंगा करून हे सुटत नाही. फक्त घर्षण वाढतं, आणि ११ सीसीच्या इंजिनाला तेवढंही परवडत नाही.

तपासायला सोपं आहे. रिंग पिस्टनवर न चढवता तिची बाहेरची कड ग्रूव्हमध्ये घाला आणि पिस्टनभोवती गडगडवत न्या. कुठेही अडकायला नको, कुठेही लटपटायला नको. फट ०.०३ ते ०.०५ मिमी. ०.०३ चं पातं जावं, ०.०६ चं जाऊ नये. मग रिंग चढवा आणि बोटाने आत दाबा: ती पिस्टनच्या अंगाच्या आत बुडायला हवी. वर राहत असेल तर ग्रूव्ह उथळ आहे किंवा तळाच्या कोपऱ्यात टूलची गोलाई राहिलीय. मागे जागाच नसेल तर वायू दाबणार कुठून? ग्रूव्हच्या कडेवर अॅल्युमिनियमची केसासारखी बर (कापताना राहिलेली धारदार कड) असते, ती डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. बांबूची काडी तासून तिने काढा, कानस लावू नका.

ग्रूव्ह कललेला असेल तर तो पिस्टन दुरुस्त होत नाही. नवा करा. बीड नाही, अॅल्युमिनियम आहे, तासाभराचं काम आहे.

बोअरचा पृष्ठभाग

उभे ओरखडे नखाला लागत असतील तर रिंगांकडे वळण्यात अर्थ नाही. नुसता काचेसारखा चकचकीत झाला असेल तर ४०० नंबरच्या पेपरने किंवा छोट्या होनने (बोअर घासायच्या दगडाने) आडवातिरपा हात मारा, बारीक जाळी दिसेल एवढाच. ती जाळी तेल धरते, आणि नवी रिंग बसायला तीच घासपट्टीचं काम करते.

उतार किंवा अंडाकार काढायचा असेल तर लॅप. अॅल्युमिनियमचा चिरलेला, आतून टेपर स्क्रूने फुगणारा लॅप, लांबी बोअरच्या लांबीपेक्षा थोडी जास्त. पेस्ट थोडी लावा आणि लॅप सतत पुढेमागे ठेवा. एका जागी थांबलात की तिथे पोट पडतं. जिथे घट्ट लागतं तिथेच जास्त वेळ काम करा. झाल्यावर पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसून भागत नाही, त्याने पेस्टचे कण बिडाच्या छिद्रांत आणखी आत जातात. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं तेल लावून आत फिरवा. राखाडी डाग येतोय तोपर्यंत धूत राहा. राहिलेले कण नवी रिंग तासाभरात खातात.

नवी रिंग करायचीच असेल तर

इथपर्यंत येऊन आकार चुकलाय असं सिद्ध झालं असेल तरच. सामान: बारीक दाण्याचं राखाडी बीड, शक्यतो कंटिन्युअस कास्ट गोल बार. भंगारातली जुनी बिडाची वजनं घेऊ नका, आत कडक ठिपके आणि पोकळ्या निघतात. शंका असेल तर एक कट घेऊन बघा: चांगल्या बिडाचा काळसर भुसा पडतो आणि टूल कुठेही किंचाळत नाही.

बाहेरचा व्यास बोअरइतकाच, २४.०० ते २४.०२. रिंगची जाडी बोअरच्या चोविसाव्या भागाइतकी, म्हणजे १ मिमी, म्हणून आतलं माप २२.००. रुंदीही १ मिमी. बाहेरचा आणि आतला दोन्ही कट एकाच सेटिंगमध्ये, कोरडे, धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने. पार्टिंग टूलने १.१ च्या चकत्या काढा. बीड ठिसूळ, काही मोडतात, म्हणून दोन हव्या असतील तर सहासात काढा.

दोन्ही बाजू ६ मिमीच्या काचेवर ४०० आणि मग ६०० चा पेपर तेलात भिजवून घासायच्या. बोटाने दाबून घासली तर रिंग पाचरीसारखी होते. एका चकतीत ०.८ मिमी खोल खाच काढा, रिंग त्यात बसवा आणि चकती फिरवा, इंग्रजी आठच्या आकारात. चार ठिकाणी मायक्रोमीटर लावा, ५ मायक्रॉनच्या आत यायला हवं. ग्रूव्हच्या भिंतीवर टेकणारी हीच बाजू. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट.

रिंग करवतीने कापायची नाही. करवत अर्धा मिमी खाते, आणि मग रिंग बंद केल्यावर ती २४ ची राहत नाही, अंडाकार होते. आत आणि बाहेर कानशीने एक बारीक रेघ द्या आणि बोथट धारेच्या दोन छिन्न्यांमध्ये धरून हलका ठोका मारा. कट्ट आवाज येऊन स्वच्छ तुटते. तुटलेल्या टोकांना मग बारीक कानशीने ०.०८ चा गॅप द्यायचा.

आता सगळ्यात नाजूक भाग, रिंगला कायमचं उघडं करणं. टोकांमध्ये पोलादाची पट्टी घालून टोकं दूर करायची आणि त्याच अवस्थेत तापवायची, म्हणजे आतला ताण निघून जातो आणि रिंग उघडीच राहते. मॉडेल इंजिनवाल्यांमध्ये हे जॉर्ज ट्रिंबल यांच्या नावाने ओळखलं जातं. पट्टीची जाडी बोअरच्या ०.१४ पट, म्हणजे इथे ३.४ मिमी. टोकं एकमेकांपासून परिघाच्याच दिशेने दूर ढकलली गेली पाहिजेत. असं केलं की उघडलेली रिंग पूर्ण गोल राहत नाही, आणि ती गोल नसते म्हणूनच बंद केल्यावर बोअरला सगळीकडे सारखी टेकते. मोठ्या गोल दांड्यावर ताणून तापवलेली रिंग उघडी असताना सुरेख गोल दिसते, आणि बोअरमध्ये तिची टोकं रुततात, त्यांच्या मागे उजेड दिसतो. वर भिंगाखाली दिसलेला दोष तो हाच.

रिंगा एकावर एक ठेवून दोन जाड वॉशरमध्ये हलक्या आवळा, वाकड्या होऊ नयेत म्हणून. ६०० अंशांच्या आसपास अर्धा तास. अंधाऱ्या जागी मंद लाल दिसतात. लोणारी कोळशाच्या भुकटीत पुरून तापवल्या तर खपली धरत नाही. गॅसच्या ज्योतीने एकसारखं तापवणं अवघड. ओळखीची डेंटल लॅब असेल तर मेण जाळायच्या त्यांच्या भट्टीत हे काम उत्तम होतं. भट्टीतच गार होऊ द्या. पाण्यात बुडवू नका.

पिस्टनला अंग आणि ग्रूव्ह एकाच पकडीत काढा. पकड बदलली की कल आलाच. ग्रूव्हच्या तळाचा व्यास २१.७५, म्हणजे रिंगमागे सव्वाशे मायक्रॉन जागा. पिस्टनचा व्यास माथ्याजवळ बोअरपेक्षा ०.१० ते ०.१२ कमी, खाली स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भागाला) ०.०५ ते ०.०६. हे आकडे मनाने घेतलेले नाहीत: माथा २०० अंशांनी तापला तर २४ मिमीचं अॅल्युमिनियम ०.११ ने फुगतं, १०० अंशांनी तापलेला बिडाचा लायनर जेमतेम ०.०३ ने. स्कर्ट थंड राहतो, तिथे कमी पुरतं. सगळीकडे ०.०५ ठेवणाऱ्याचा पिस्टन पहिल्याच लांब चालवण्यात माथ्याजवळ ओढला जातो.

कुठे थांबायचं

लायनरला तडा दिसला, किंवा ओरखडा ०.०५ मिमीपेक्षा खोल असेल, तर घरच्या लॅपने तो काढायला जाऊ नका. तेवढं काढता काढता बोअर तोंडाशी फाकतो. गजन पिनचं (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचं) भोक पिस्टनच्या अंगाशी काटकोनात नसेल किंवा कनेक्टिंग रॉड पिळलेला असेल तर ते मोजायला सरफेस प्लेट आणि डायल लागतो. तो नसेल तर अंदाजाने वाकवू नका. लायनर हार्ड क्रोमचा किंवा हार्डन केलेला असेल तर घरी हातही लावू नका. आणि नव्या रिंगांचा दुसरा संचही उजेडाच्या चाचणीत नापास झाला तर रिंगा बनवणं थांबवा. दोष बोअरमध्ये आहे, तो अंडाकार आहे.

गाड्यांचं बोअरिंग करणाऱ्याकडे हे नेऊन सहसा उपयोग होत नाही, त्यांच्या यंत्राचं डोकंच २४ मिमीत शिरत नाही. हायड्रॉलिक आणि फ्युएल पंपाचे सुटे भाग होन करणारे शोधा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरी-पिंपरीकडे असं काम करणारे मिळतात, आणि लायनर एकटाच सुटा करून नेला तर ते लवकर तयार होतात. त्यांना 'चांगलं करून द्या' असं सांगू नका. कागदावर लिहून द्या: ओरखडा जाईल एवढंच काढायचं, गोलाई आणि उतार दोन्ही ५ मायक्रॉनच्या आत, जाळीचा फिनिश, आरसा नको. अमुक एका मापावर आणा असा हट्ट धरू नका. जे माप निघेल ते निघेल. त्यांच्याकडून आलेलं माप लायनरवर लिहून ठेवा आणि पिस्टन व रिंगा त्यानंतरच, त्या मापाला करायला घ्या.